वर्डमधून आलेल्या मराठी पानांची साफसफाई : नोटपॅड++चे परीक्षण

मराठीतले बहुतेक लेखन आज वर्डच्या फायलीत तयार होते आणि ते संकेतस्थळावर किंवा ई-पुस्तकात न्यायचे ठरले की वर्डच्याच ‘सेव्ह ॲज वेब पेज’ या सोयीने त्याचे एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला कळणारे रूप, काढले जाते. ब्राउझरमध्ये ते पान ठीकठाक दिसते, पण त्याचा स्रोत उघडला की दोन ओळींच्या परिच्छेदाभोवती आठ-दहा ओळींचे टॅग (टोकदार कंसांत लिहिलेल्या सूचना) गुंडाळलेले आढळतात. हा गुंता सोडवण्यासाठी विंडोजवरचा नोटपॅड++ हा मोफत टेक्स्ट एडिटर, आणि त्यातही त्याची ‘फाइंड-रिप्लेस’ची खिडकी, किती उपयोगी पडते याचे हे परीक्षण आहे. मत आधीच नोंदवतो. मराठी मजकुरासाठी याहून भरवशाचे मोफत साधन माझ्या पाहण्यात नाही, कारण आपण सांगितल्याशिवाय ते एकही चिन्ह हलवत नाही. मात्र बदलांचा क्रम चुकला, तर याच साधनाने मजकुराची अशी हानी होते की ती वरवर पाहून लक्षातही येत नाही.

नोटपॅड++ची पहिली आवृत्ती डॉन हो यांनी नोव्हेंबर 2003 मध्ये प्रसिद्ध केली. तो मुक्तस्रोत आहे, सिंटिला या संपादन-घटकावर उभा आहे आणि त्याचे मेनू मराठीतही करून घेता येतात. आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती 2012 मधली 6.0 ही आवृत्ती, कारण तिच्यापासून पर्ल-पद्धतीची रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी मजकुराचा नमुना देऊन शोधण्याची सोय, त्यात आली. त्यापूर्वी एकापेक्षा अधिक ओळींवर पसरलेला टॅग शोधणे जवळजवळ अशक्य होते, आणि वर्डच्या एचटीएमएलमध्ये तर टॅगच्या मधोमध ओळ तुटणे ही नित्याची गोष्ट आहे.

वर्ड नेमके काय करून ठेवतो ते नीट पाहिल्याशिवाय साफसफाईला हात घालू नये. प्रत्येक परिच्छेदाला ‘एमएसओ-नॉर्मल’ हा क्लास, म्हणजे शैलीचे नाव, लागतो. मजकुराचा प्रत्येक तुकडा भाषेनुसार वेगळ्या स्पॅनमध्ये, म्हणजे मजकुराचा तुकडा वेढणाऱ्या टॅगांच्या जोडीत, जातो आणि त्या स्पॅनवर मंगल फाँटचे नाव व भाषेचा संकेत चिकटतो. मराठी मजकूर असूनही हा संकेत पुष्कळदा हिंदीचा असतो. वाक्यात मधेच आलेला इंग्रजी आकडा, कंस, कधी कधी तर दोन शब्दांमधली नुसती मोकळी जागा, यांना ‘इंग्रजी’ ठरवून स्वतंत्र स्पॅन दिला जातो. हा शेवटचा प्रकार विशेष लक्षात ठेवावा. ज्या स्पॅनमध्ये केवळ एक स्पेस आहे तो रिकामा समजून आतल्या स्पेससह उडवला, की ‘मराठी भाषा’चे ‘मराठीभाषा’ होते. म्हणून स्पॅन काढताना त्याचा उघडणारा टॅग वेगळा आणि बंद करणारा टॅग वेगळा काढावा. दोहोंच्या मध्ये जे काही असेल, मग ती नुसती मोकळी जागा का असेना, त्याला स्पर्श करू नये.

त्याआधी एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे फायलीत कोणत्या संकेतांनी साठवली आहेत याचा, प्रश्न निकालात काढावा लागतो. वर्डने पान पाश्चात्त्य एन्कोडिंगमध्ये साठवले असेल, तर देवनागरी अक्षरे अक्षरांच्या रूपात राहतच नाहीत. ‘मराठी’ हा शब्द फायलीत &#2350;&#2352;&#2366;&#2336;&#2368; असा लिहिला जातो. अशा फायलीत मराठी शब्दाचा शोध घेणे निरर्थक आहे, कारण तो शब्द तिथे नाहीच. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी 2304 ते 2431 अशी 128 स्थाने आहेत. प्रत्येक आकड्याच्या जागी त्याचे अक्षर बसवायचे तर तितके बदल एकामागून एक करावे लागतील, कारण आकड्यावरून अक्षर काढण्याची क्षमता नोटपॅड++च्या फाइंड-रिप्लेसमध्ये नाही. ‘एचटीएमएल टॅग’ नावाचे प्लगइन ते काम करते. तरीही सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वर्डमध्ये परत जाऊन साठवण्याच्या खिडकीतल्या ‘वेब ऑप्शन्स’मध्ये यूटीएफ-8 हे युनिकोडचे एन्कोडिंग निवडणे आणि पान पुन्हा काढणे. त्याच वेळी ‘वेब पेज, फिल्टर्ड’ हा प्रकार निवडला, तर ऑफिसचे स्वतःचे बरेच टॅग वर्ड आपण होऊनच गाळतो आणि अर्धे काम तिथेच हलके होते.

ज्यांच्या हाती मूळ वर्ड फाईल नाही, केवळ कोणी तरी पूर्वी काढून ठेवलेले पान आहे, त्यांना मात्र न गाळलेल्या एचटीएमएलशीच झुंजावे लागते. त्यात सर्वांत मोठा भाग सशर्त टिप्पण्यांचा, म्हणजे ठरावीक प्रोग्रॅमनेच वाचाव्यात आणि इतरांनी वगळाव्यात अशा तुकड्यांचा, असतो. फाइंड-रिप्लेसची खिडकी कंट्रोल-एचने उघडते. तिच्या तळाशी ‘नॉर्मल’, ‘एक्स्टेंडेड’ आणि ‘रेग्युलर एक्सप्रेशन’ असे तीन पर्याय असतात. तिसरा पर्याय निवडून ‘टिंब म्हणजे नवी ओळसुद्धा’ अशा अर्थाच्या चौकटीत खूण केली आणि <!--.*?--> हा नमुना शोधायला दिला, की टिप्पण्या त्यांच्या पोटातल्या शेकडो ओळींसह निघून जातात. वर्ड आपली शैलीपत्रके (पान कसे दिसावे याचे नियम) टिप्पणीतच गुंडाळत असल्यामुळे तीही याच फटक्यात जातात आणि मागे नुसता रिकामा स्टाइल टॅग उरतो. या नमुन्यातले प्रश्नचिन्ह सर्वांत महत्त्वाचे आहे. ते गाळून <!--.*--> असे लिहिले, तर शोध पहिल्या टिप्पणीच्या आरंभापासून शेवटच्या टिप्पणीच्या अंतापर्यंत जातो आणि मधला सगळा लेख त्यात सापडतो. टिप्पणीसारखे दिसणारे, पण दोन आडव्या रेघा नसलेले काही टॅगही वर्ड पेरतो; त्यांच्यासाठी <!\[[^>]*> हा वेगळा नमुना लागतो.

टॅग पकडण्यासाठी टिंबापेक्षा [^>] ही रचना मी नेहमी पसंत करतो. ‘मोठेपणाचे चिन्ह सोडून कोणतेही चिन्ह’ असा तिचा अर्थ असल्यामुळे ती ओळ तुटली तरी अडत नाही आणि वरच्या चौकटीतल्या खुणेवर अवलंबून राहत नाही. वर्ड टॅगच्या मध्येच ओळ तोडतो हे ध्यानात घेतले, म्हणजे या फरकाचे मोल कळते. टिंबावर आधारलेला नमुना फायलीतले बहुतेक टॅग काढतो आणि ओळीवर तुटलेले तेवढे मागे ठेवतो. असे अर्धवट काम न केलेल्या कामापेक्षा त्रासदायक असते, कारण उरलेले टॅग मग नजरेने शोधावे लागतात.

दुसरी दक्षता टॅगच्या नावाची. ठळक अक्षरांच्या ‘बी’ टॅगसाठी लिहिलेला ढिला नमुना ‘बॉडी’, ‘बीआर’ आणि ‘ब्लॉककोट’ या टॅगांनाही लागू पडतो, आणि परिच्छेदाच्या ‘पी’चा नमुना ‘प्री’लाही गिळतो. टॅगच्या नावानंतर एक तर मोकळी जागा यावी किंवा थेट मोठेपणाचे चिन्ह यावे, अशी अट नमुन्यात घातली की हा धोका टळतो. नोटपॅड++ची दोन बटणे इथे फार उपयोगी पडतात. ‘काउंट’ हे बटण काहीही न बदलता नमुना किती ठिकाणी जुळतो ते सांगते, आणि ‘फाइंड ऑल इन करंट डॉक्युमेंट’ हे बटण जुळलेल्या सगळ्या ओळी खालच्या पट्टीत यादीसारख्या मांडते. ती यादी डोळ्यांखालून घातल्याशिवाय ‘रिप्लेस ऑल’ दाबू नये. परिच्छेद दोनशे असलेल्या पानावर ‘पी’चा नमुना सहाशे ठिकाणी जुळला, तर नमुना चुकला आहे हे तिथेच समजते.

आता क्रमाचा मुद्दा. वर्डमधल्या ठिपक्यांच्या याद्या एचटीएमएलमध्ये पुष्कळदा याद्या म्हणून येतच नाहीत. त्या साध्या परिच्छेदांच्या रूपात येतात. अशा परिच्छेदाचा क्लास ‘एमएसओ-लिस्ट-पॅराग्राफ’ या शब्दांनी सुरू होतो, आरंभी सिम्बॉल फाँटमधला एक ठिपका असतो आणि पुढे न तुटणाऱ्या मोकळ्या जागांची रांग असते. सगळ्या परिच्छेदांचे क्लास आणि स्टाइल एकदम पुसून टाकले, तर कोणता परिच्छेद यादीतला होता हे सांगणारी सर्वांत स्पष्ट खूण नाहीशी होते. म्हणून प्रथम त्या क्लासचे परिच्छेद शोधून त्यांना यादीचे टॅग द्यावेत आणि मगच उरलेल्या परिच्छेदांची गुणलक्षणे काढावीत. तळटीपांचेही असेच. वर्ड प्रत्येक टिपेला आणि तिच्या संदर्भाला एकमेकांकडे बोट दाखवणारी नावे देतो. ‘नेम’ हे गुणलक्षण निरुपयोगी समजून सरसकट उडवले, तर संशोधनपर लेखातल्या सगळ्या टिपा आपापल्या जागी दिसतील, पण त्यांच्यावर टिचकी मारून कुठेही पोचता येणार नाही.

तिरप्या आणि ठळक अक्षरांसाठी वर्ड सहसा वेगळे टॅग वापरतो, त्यामुळे स्पॅन सरसकट काढले तरी लेखकाने दिलेला भर टिकतो. रंगाने दिलेला भर मात्र स्पॅनमध्येच असतो. संपादकाने लाल रंगात खुणा केलेली प्रत असेल, तर आधी रंगाचा शोध घेऊन पाहावे.

इथवर सांगितलेले कोणत्याही भाषेच्या पानाला कमीअधिक लागू आहे. मराठीची खरी परीक्षा अदृश्य चिन्हांत आहे आणि या परीक्षेत नोटपॅड++ इतर अनेक साधनांपेक्षा सरस ठरतो. ‘अर्धा र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिला जातो. पहिल्यात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक (झीरो-विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह) असतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण एकाच्या शोधात दुसरे सापडत नाही. एचटीएमएल साफ करण्याच्या प्रचलित कृतींत ‘शून्य रुंदीची सर्व चिन्हे काढून टाका’ अशी एक पायरी हमखास असते, आणि इंग्रजी पानासाठी ती निरुपद्रवीही असते. मराठी पानावर ती चालवली, की जोडकाने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातल्या दरीचा समुद्र होतो. आणि ‘आचाऱ्यास’ हा स्वयंपाक्याला उद्देशून असलेला शब्द ‘आचार्यास’ होऊन बसतो. शुद्धलेखन तपासणीतही ही चूक सापडत नाही, कारण नवा शब्दही शुद्धच असतो.

नोटपॅड++च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘व्ह्यू’ मेनूतल्या ‘शो सिम्बॉल’खाली न छापली जाणारी चिन्हे दाखवण्याची सोय आहे. ती चालू केली की जोडक, विभाजक (अक्षरे जोडू न देणारे झीरो-विड्थ नॉन-जॉइनर हे चिन्ह) आणि न तुटणारी मोकळी जागा यांच्या जागी त्यांच्या नावाच्या छोट्या चौकटी दिसू लागतात. जोडाक्षरे त्या वेळी विस्कटल्यासारखी दिसतात, पण कुठे काय दडले आहे ते स्पष्ट होते. त्यानंतरचा मार्ग असा: र, हलन्त आणि जोडक ही तीन चिन्हे शोधून त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घालावेत. अशाने सगळ्या पानभर अर्ध्या र-चे एकच रूप होते आणि पुढे जोडक काढण्याची वेळ आली तरी त्याला धोका राहत नाही.

‘ॲ’चेही तसेच आहे. मराठीसाठी या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली. त्यापूर्वीच्या, आणि पुष्कळशा त्यानंतरच्याही, मजकुरात ते अ आणि चंद्र असे दोन चिन्हांत, मध्ये कधी जोडक घालून तर कधी न घालता, लिहिलेले आढळते. एकाच लेखात ‘ॲड’ तीन तऱ्हांनी लिहिलेला असला, तर वाचकाला फरक दिसत नाही, पण संकेतस्थळावरच्या शोधात त्याला तीनपैकी एकच उल्लेख सापडतो. ही तिन्ही रूपे एका ‘ॲ’वर आणणे हा दोन मिनिटांचा बदल आहे, आणि संग्रह मोठा असेल तर तो अवश्य करावा. हलन्तापुढचा विभाजक मात्र विचार न करता काढू नये. दोन अक्षरांचे जोडाक्षर होऊ नये म्हणून लेखकाने तो मुद्दाम घातलेला असू शकतो.

नमुना लिहिताना आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. रेग्युलर एक्सप्रेशनच्या लेखी मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे आहेत, त्यामुळे ‘कि’ हे तिच्या हिशेबी एक अक्षर नसून दोन चिन्हे असतात. अक्षरांची संख्या मोजून लिहिलेला नमुना मराठीत अपेक्षेप्रमाणे चालत नाही. मराठी शब्द पकडायचा असेल, तर त्याच्या आधी व नंतर मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा टॅगची कड येते असे स्पष्ट सांगणे हितावह. देवनागरी पडद्यावर फाटलेली किंवा गचाळ दिसत असेल, तर सेटिंगमधली ‘डायरेक्टराइट’ची खूण चालू करून एडिटर पुन्हा उघडावा, अक्षरे बरीच सुधारतात.

एका पानासाठी ठरवलेली पायऱ्यांची माळ पुढच्या पानाला पुन्हा लागते, आणि या ठिकाणी नोटपॅड++ थोडा उणा पडतो. त्यात मॅक्रो नोंदवता येतो, त्यात रिप्लेस ऑलच्या सगळ्या पायऱ्या क्रमाने साठतात आणि पुढे एका कळीवर चालतात. पण त्या माळेतली एक पायरी बदलायची किंवा मध्येच एक घालायची झाली, तर एक तर सगळे पुन्हा नोंदवावे लागते किंवा मॅक्रो ज्या एक्सएमएल फायलीत साठतात ती हाताने दुरुस्त करावी लागते. पायऱ्यांना नावे देऊन त्यांची अदलाबदल करण्याची सोपी खिडकी असायला हवी होती. ई-पुस्तकांसाठीचा सिजिल हा मोफत एडिटर याबाबतीत पुढे आहे. त्यात शोध आणि बदल नावानिशी साठवता येतात, त्यांचे गट करता येतात आणि गट क्रमाने चालवता येतो. ज्यांचे काम ईपब पुस्तकांपुरते आहे त्यांनी तोच घ्यावा. मॅकवर नोटपॅड++ मिळत नाही. तिथे बीबीएडिट आहे आणि त्यातली ‘टेक्स्ट फॅक्टरी’ अशा माळा उत्तम सांभाळते, मात्र तिच्यासाठी पैसे मोजावे लागतात.

अनेक फायली एकदम साफ करायच्या असतील तर ‘फाइंड इन फाइल्स’मधले ‘रिप्लेस इन फाइल्स’ समोर येते. त्याचा वापर मी टाळण्यास सांगेन. ते फोल्डरातल्या फायली बदलून तिथल्या तिथे साठवते आणि कंट्रोल-झेडने काही परत येत नाही. त्याऐवजी सगळ्या फायली एडिटरमध्ये उघडून ‘रिप्लेस ऑल इन ऑल ओपन्ड डॉक्युमेंट्स’ वापरावे. त्यात प्रत्येक फाईल न साठवलेल्या स्थितीत समोर राहते, दोन-चार फायली उलगडून तपासता येतात आणि बिघाड दिसला तर मागे फिरता येते.

तयार साफसफाईच्या साधनांशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. डेव्ह रॅगेट यांनी सुरू केलेल्या एचटीएमएल टायडीत वर्ड 2000च्या पानांसाठी खास पर्याय आहे आणि न जुळणारे टॅग जुळवण्यात त्याची बरोबरी फाइंड-रिप्लेस करू शकत नाही. एकात एक गुंफलेल्या डिव्हांपैकी, म्हणजे पानाचे भाग पाडणाऱ्या टॅगांपैकी, नेमका कोणता बंद करणारा टॅग कोणाचा, हे साध्या नमुन्याने ओळखता येत नाही. तिथे टायडीकडेच जावे. गुंतागुंतीच्या तक्त्यांबाबतही माझे तेच मत आहे, कारण एकत्र केलेल्या घरांची गुणलक्षणे चुकून गेली की तक्ता कोलमडतो. परंतु टायडी पानाची रचना स्वतःच्या समजुतीने बदलतो, आणि काय बदलले हे ओळीगणिक आपल्यासमोर येत नाही. दुसऱ्याच्या लेखनाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला हे पटणे कठीण. म्हणून आधी नोटपॅड++मध्ये वर्डचा कचरा आणि अदृश्य चिन्हे यांचा निकाल लावावा आणि टॅगांची जुळणी तपासण्यापुरते टायडी वापरावे, हा क्रम मला योग्य वाटतो.

शेवटची पायरी पुष्कळजण सोडून देतात. स्पॅन काढून झाल्यावर भाषेचे सगळे संकेत गेलेले असतात, तेव्हा पानाच्या सर्वांत वरच्या एचटीएमएल टॅगवर मराठीचा ‘एमआर’ हा संकेत एकदा लिहावा आणि मेटा टॅगमध्ये यूटीएफ-8 आहे याची खात्री करावी. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे प्रमाण ठरवली आहेत. काही देवनागरी फाँटांमध्ये ही रूपे असतात, पण भाषेचा संकेत मराठीचा असेल तेव्हाच ती पडद्यावर उमटतात; संकेत हिंदीचा राहिला तर तोच फाँट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी साधने कोणता आवाज निवडायचा हेही याच संकेतावरून ठरवतात.